समासातली टिंबे

एकदा एका वृद्ध लेखनिकाच्या हाताखाली एक तरुण लेखनिक कामाला होता. दृष्टांतांतले वृद्ध बहुधा नदीकाठी वृक्षाखाली बसतात आणि त्यांचे शिष्य समिधा गोळा करीत हिंडतात. आमचा वृद्ध एका नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणी शाखेत, करकरणाऱ्या पंख्याखाली बसत असे. त्याच्या शिष्याला शिष्य म्हणावे, तर त्याने दीक्षा अशी कधी घेतली नव्हती. बदलीचा अर्ज मात्र चार वेळा दिला होता. तरीही शिकण्यासारखे काही कचेरीतही घडते, म्हणून ही गोष्ट सांगतो.

नगरात एक मोठे सरकारी रुग्णालय होते. भोवतालच्या चार तालुक्यांतली माणसे तिथेच जन्मत आणि पुष्कळशी तिथेच मरत. त्यांची पत्रके रोज सकाळी एका कापडी पिशवीतून शाखेत येत. जन्माची नोंदवही वृद्धाकडे होती, मृत्यूची तरुणाकडे. एकेका नोंदीला चौदा रकाने. नाव, लिंग, वय, दिनांक, स्थळ, पत्ता, खबर देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते, असे करीत शेवटच्या रकान्यापाशी पोहोचायचे आणि खालच्या ओळीत पुन्हा नावापासून सुरुवात करायची. तेच पुन्हा दाखल्यावर उतरवायचे, तेच पुन्हा महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट. लोक जन्मायचे थांबत नव्हते, मरायचे थांबत नव्हते, आणि त्यामुळे या दोघांचे काम कधी संपले असे होत नव्हते.

तरुणाने पहिले सहा महिने मन लावून काम केले. मृत्यूची वही म्हणून आरंभी त्याचा हात जड होत असे. लहान मुलाचे वय लिहिताना तो क्षणभर थांबत असे. पण दुःखाचीही सवय होते, आणि दिवसातून वीस वेळा भेटणारे दुःख तर फार लवकर ओळखीचे होऊन जाते. सहा वर्षांत त्याला एक विद्या साधली होती. हात लिहीत असे आणि तो स्वतः दुसरीकडे असे. कधी बदलीच्या गावी, कधी सकाळी घरी झालेल्या भांडणात, आणि बहुतेक वेळा कुठेच नाही. अक्षर मात्र वळणदार, ओळ सरळ, पानावर कुठे खाडाखोड नाही. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात, तसे ते काम चालले होते. माशी जिथल्या तिथे बसत होती तोवर तक्रार कोण करणार?

वृद्धाची रीत निराळी होती आणि ती कोणालाच कळत नसे. लिहिता लिहिता तो मध्येच थांबे. डोळे मिटे. मग कानावर खोचलेला पेन्सिलीचा तुकडा काढून नोंदवहीच्या समासात एक बारीक टिंब देई आणि पुन्हा लिहू लागे. कधी चार ओळींत एक टिंब, कधी एका ओळीला लागून तीन. दुपारी चार वाजले की सकाळची पत्रके पुन्हा पुढ्यात घेऊन तो त्या टिंबांपाशी काहीतरी ताडून पाही, बोट ठेवून, ओठ हलवीत. मग खोडरबराने टिंबे पुसून टाकी आणि भुकटी फुंकून वही मिटे. शाखेतले लोक म्हणत, म्हातारा वहीला कुंकू लावतो आणि पुन्हा पुसतो. एकदा मोठे साहेब तपासणीला आले असता त्यांनी तरुणाचे स्वच्छ पान वाखाणले आणि वृद्धाला विचारले, "हे ठिपके कसले? हात थरथरतो का आता?" वृद्ध म्हणाला, "होय साहेब, वय झालं." तरुणाला त्या दिवशी थोडा अभिमान वाटला होता, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले.

एका गुरुवारी, अकराच्या सुमारास, खिडकीशी साठीची एक बाई आली. सगुणाबाई तोडकर तिचे नाव. सोबत दहा वर्षांची नात होती. बाईने कमरेच्या पिशवीतून चार घड्यांचा दाखला काढला आणि गजांतून आत सरकवला.

"दुसरी प्रत हवी असेल तर अर्ज बाहेरच्या टेबलावर मिळतो," तरुण मान वर न करता म्हणाला.

"दुसरी कशापायी? ही पयलीच नीट बघा की सायेब. नवरा माझा वारला, आन् पोरगी म्हनती, आज्जे, ह्यात तूच मेलीस."

तरुणाने दाखला उलगडला. मृताचे नाव, सगुणा किसन तोडकर. लिंग, स्त्री. खबर देणाऱ्याचे नाव, किसन विठू तोडकर. नाते, पती. म्हणजे जो माणूस वारला होता, तो कागदावर स्वतःच्या पायांनी चालत येऊन बायकोच्या मृत्यूची खबर देऊन गेला होता. अक्षर तरुणाचेच होते, आणि सुंदर होते.

माणसाचे पहिले वाक्य बहुधा स्वतःला वाचवणारे असते. "खबर देताना तुम्हीच काही उलट सांगितलं असेल, आजी," तो म्हणाला.

"मी मेले म्हून सांगितलं असंल व्हय मी?" सगुणाबाई रागावली नव्हती, रागावण्याइतकी शक्ती तिच्यात उरली नसावी. "चार दिस झालं हेलपाटं घालतीया. पोरीचं नाव आश्रमशाळंत घालायचं हाय. आईबाप न्हाईत तिला. आजा पालक हुता, त्यो गेला. आता माझा अंगठा पायजे. तर मास्तर म्हनत्यात, बाई, कागदावर तुमी न्हाई, आजोबास्नी घिऊन या. कुठनं आनू? शनवारी यादी बंद हुती त्येंची. येक डाव बंद झाली की पुढच्या सालाला. आन् तवर ही माझ्यासंगं खुरपायला येनार, दुसरं काय. येकदा पोर खुरप्याला लागली की परत साळंत जात न्हाई सायेब, मला ठावं हाय."

वृद्ध आपल्या जागेवरून उठला होता. त्याने दाखला हातात घेतला, वाचला, नातीकडे पाहिले आणि तरुणाला म्हणाला, "मूळ कागद काढ. निबंधकसाहेब उद्या सकाळी जिल्ह्याला चाललेत, सोमवारपर्यंत यायचे नाहीत. दुरुस्तीवर त्यांचीच सही लागते. आज साडेपाचपर्यंत झालं तर झालं."

मूळ कागद काढणे हे ऐकायला सोपे वाटते. नियम असा होता की नोंद झाली की तिचा क्रमांक पत्रकाच्या कोपऱ्यात लिहायचा, म्हणजे हवा तेव्हा कागद सापडतो. तरुणाने तो क्रमांक लिहिणे दोन वर्षांपूर्वीच सोडून दिले होते. कोण बघतो, आणि कशाला लिहायचा, असे त्याने तेव्हा स्वतःला विचारले होते आणि उत्तरही स्वतःच दिले होते. आता दप्तरखान्यात लाल फडक्यातला महिन्याचा गठ्ठा सोडून त्याला एकेक कागद उलटावा लागला. रंगकामाच्या वेळी गठ्ठे खालीवर झाले होते, त्यामुळे एका महिन्यात तीन महिन्यांचे कागद शिरले होते. बारा वाजले, एक वाजला. जेवणाची सुट्टी येऊन गेली. बाहेरच्या बाकावर बसलेली नात भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचीत होती. "येथे थुंकू नये. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी." वाचून झाल्या की पुन्हा पहिलीपासून. तिचे वाचन अडखळत नव्हते. धुळीत बसून ते ऐकताना तरुणाला इतकी लाज वाटली की एकदा त्याने उठून दाराचे एक पाखे लोटून घेतले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडले.

चार वाजायला दहा मिनिटे असताना कागद सापडला, आणि चूक कशी झाली तेही तिथेच दिसले. रुग्णालयाच्या छापील पत्रकावर पहिल्या ओळीत मृताचे नाव असते. घरी वारलेल्या माणसाची खबर मात्र स्मशानभूमीच्या चिठ्ठीवरून येते, आणि त्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत खबर देणाऱ्याचे नाव असते, मृताचे तिसऱ्या ओळीत. त्या दिवशी आधी सतरा पत्रके रुग्णालयाची होती. अठरावा कागद स्मशानाचा. हाताने सतरा वेळा पहिली ओळ उचलली होती. अठराव्या वेळीही उचलली. एवढ्यावर भागले असते तर चूक तेव्हाच दिसली असती, कारण चिठ्ठीवर लिंग 'पुरुष' होते आणि नाते 'पत्नी'. पण सगुणा हे बाईचे नाव म्हणून हाताने 'स्त्री' लिहिले, आणि किसन हा बाप्या म्हणून 'पती' लिहिले. एका चुकीला शोभतील अशा आणखी दोन चुका करून हाताने सगळे नीट जुळवून टाकले. न पाहणारी बुद्धीही किती तत्पर असते, हे पाहून मला तर भीती वाटते.

तरुण चिठ्ठी घेऊन धावतच आला. "काका, सापडली! मी दुरुस्ती लिहून काढतो, तुम्ही एकदा ताडून द्या. तुमची ताडल्याची सही असल्याशिवाय साहेब कागद हातात घेत नाहीत."

"आधी पाणी पिऊन ये," वृद्ध म्हणाला.

तो पाणी पिऊन आला, आणि पाहतो तो काय, चार वाजले होते आणि वृद्ध आपली सकाळची पत्रके पुढ्यात घेऊन समासातल्या टिंबांपाशी बोट ठेवून बसला होता. त्या दिवशी टिंबे पुष्कळ होती. तरुण दुरुस्ती लिहून मोकळा झाला तरी वृद्धाचे ओठ हलतच होते. सव्वाचार झाले. निबंधकांच्या खोलीत कपाट बंद केल्याचा आवाज आला. खिडकीबाहेर सगुणाबाई उभी राहिली होती. बसायला सांगितले तरी बसत नव्हती.

शेवटी तरुणाचा तोल सुटला. "काका, आज एक दिवस राहू द्या ते ठिपके! ती बाई सकाळपासून उभी आहे, पोरीचं वर्ष जाईल. ठिपके काय, उद्या पुसता येतील."

वृद्धाने वर पाहिले नाही. बोट होते तिथेच ठेवून तो म्हणाला, "साहेब साडेपाचशिवाय हलत नाहीत, मी विचारून आलोय. बाईंचं काम होणार आहे. त्या तुला दिसताहेत, म्हणून तुला घाई झाली. ठीकच आहे. पण इथे तीन जागा उरल्यात, आणि तिथं जे कोण आहेत ते नुकतेच जन्मलेत. त्यांना अजून खिडकीशी येता येत नाही." आणि तो पुन्हा ओठ हलवू लागला.

तरुणाला यातले काही कळले नाही. त्याला राग आला, आणि खरे सांगायचे तर त्याच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

साडेचारला वृद्धाने वही मिटली. मग दुरुस्तीचा कागद पुढे ओढून त्याने मूळ चिठ्ठीतला एकेक रकाना बोटाने ताडला. तरीही त्याचे समाधान झाले नाही. त्याने नातीला आत बोलावले आणि तरुणाने उतरवलेला नवा दाखला तिच्या हातात दिला. "वाच बाळ, मोठ्यानं. आजीला ऐकू जाईल असं."

नातीने वाचले. मृताचे नाव, किसन विठू तोडकर. लिंग, पुरुष. खबर देणाऱ्याचे नाव, सगुणा किसन तोडकर. नाते, पत्नी. नवऱ्याचे नाव त्या जागी ऐकताच इतका वेळ कोरडी उभी असलेली सगुणाबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. चार दिवस ती आपण जिवंत असल्याचे सांगत हिंडत होती. नवरा गेल्याचे रडायला तिला सवडच झाली नव्हती.

निबंधकांनी कपाळाला आठ्या घालून, दोन शब्द सुनावून, पाच वाजून वीस मिनिटांनी सही केली. आजी-नात शेवटच्या एस.टी.च्या दिशेने निघून गेल्या. शाखेत दोघेच उरले.

तरुण खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "काका, मी काही आळशी नाही. सहा वर्षांत एक रजा जास्तीची घेतली नाही. पण अकरा वाजले की मन राहत नाही हो जागेवर. मी धरून आणतो, ते पुन्हा जातं. तुमचं चित्त एकाग्र होतं, तुम्हांला ते दान आहे. मला नाही. सहा वर्षांत एक चूक झाली, पण केवढी झाली!"

"एक सापडली," वृद्ध म्हणाला.

तरुणाने चमकून वर पाहिले.

वृद्धाने कपाटातून आपली वही पुन्हा काढली आणि आजचे पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. टिंबे पुसली होती, पण खोडरबराने कागद जिथे जिथे खरखरीत झाला होता त्या जागा तिरप्या उजेडात दिसत होत्या. "मोज," तो म्हणाला. तरुणाने मोजल्या. एका पानावर चौदा.

"एवढ्या चुका?"

"चूक एकही निघाली नाही. या चौदा जागी मी नव्हतो, इतकंच." वृद्ध खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा फार थकलेला दिसत होता. "अरे, एकाग्रतेचं दान कुणाला मिळालंय? तेहतीस वर्षं मी या खुर्चीवर बसतो आणि तेहतीस वर्षं रोज कंटाळतो. सकाळी साडेअकराला मन उठून जातं, जेवणानंतर तर ठरलेलंच. आरंभी मीही तुझ्यासारखाच मनाशी भांडायचो. पुढे भांडणं सोडलं. दोनचार ओळी झाल्या की थांबतो आणि आत्ता कुणाचं नाव लिहिलं ते डोळे मिटून आठवतो. आठवलं तर मी होतो. नाही आठवलं तर फक्त हात होता. तिथे टिंब देतो. चारला पुन्हा येऊन तेवढ्या जागा स्वतः बघतो. बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण बरोबर आलेलं आणि मी बरोबर केलेलं, यात फरक आहे की नाही? त्या पोराचं नाव दैवानं बरोबर आलं असेल, तर दैवाचे आभार; पण पगार मी घेतो."

त्याने कानावरची पेन्सिल चाचपली. "कंटाळा येणं हा अपराध नाही. देहाला तहान लागते, मनाला कंटाळा येतो. अपराध त्याच्या पुढच्या क्षणी होतो. आपण परत येतो, हात पाच ओळी पुढे गेलेला दिसतो, आणि आपण जणू इथेच होतो अशा थाटात सहावी ओळ लिहायला घेतो. तुझं पान स्वच्छ आहे ते म्हणूनच. माझं पान मी कुठे कुठे नव्हतो ते सांगतं. तुझं काही सांगत नाही."

तरुणाने त्या खरखरीत जागांवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "उद्यापासून मीही टिंबं देईन."

"दे," वृद्ध म्हणाला. "उद्याचं उद्या." आणि त्याने डबा, छत्री, चष्म्याचे घर अशी आपली चीजवस्तू गोळा केली आणि तो घरी निघून गेला.

'उद्याचं उद्या' या शब्दांमुळे तरुणाला त्या रात्री झोप लागली नाही. कालचे काय, हे वृद्धाने विचारले नव्हते. विचारायची गरज नव्हती. दप्तरखान्यात मृत्यूच्या नोंदवह्या ओळीने उभ्या होत्या, सहा वर्षांच्या, वळणदार अक्षराच्या, एकही टिंब नसलेल्या. कुठल्या ओळीत आपण होतो आणि कुठल्या ओळीत नव्हतो, हे आता त्याला आठवणे शक्य नव्हते. म्हणजे सगळ्याच ओळी संशयित झाल्या.

सगुणाबाई पंधरवड्याने बाजाराच्या दिवशी खिडकीशी येऊन सांगून गेली की पोरीचे नाव शनिवारी यादीत लागले, आणि ती तिकडे वसतिगृहात रडते पण राहते. तरुणाने मान वर करून सगळे ऐकले. मग त्याने निबंधकांकडे जाऊन एक अर्ज दिला. बदलीचा नव्हे. रोज पाच ते सहा दप्तरखाना उघडा ठेवण्याची अनुज्ञा त्याने मागितली होती. निबंधक म्हणाले, "जादा वेळेचं काही मिळणार नाही." तो म्हणाला, "नको."

आणि तो सहा वर्षे पुन्हा वाचायला बसला. एकेका महिन्याचा गठ्ठा सोडायचा, कागद क्रमाने लावायचे, कोपऱ्यात राहिलेले क्रमांक घालायचे, मग वही आणि कागद शेजारी ठेवून चौदा रकाने ताडायचे. मूळ काम कंटाळवाणे होते. झालेले काम पुन्हा तपासणे त्याच्या दसपट कंटाळवाणे. यात त्याला काही दिव्य आनंद वगैरे सापडला नाही, आणि असा आनंद सापडतो असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो रोज थकत असे. रोज त्याचे मन उठून जाई, आणि ताडण्याच्या यादीवरही त्याला टिंबे द्यावी लागत. पहिल्या महिन्यात काही निघाले नाही. दुसऱ्यात एक चुकलेले वय निघाले, तिसऱ्यात एक गल्लीचे नाव. सहकारी म्हणाले, कशाला उकरतोस, कोणी विचारलंय का? वर्षअखेर वृद्ध निवृत्त झाला, आणि जाताना त्याने पेन्सिलीचा तुकडाही ठेवला नाही, सवयीने कानावर खोचून तसाच घरी गेला.

तुमच्याआमच्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर अशाच वह्या आहेत, नावे निराळी असतील. त्यांतल्या रकान्यांच्या पलीकडे कोण उभे आहे हे आपल्याला बहुधा शेवटपर्यंत कळत नाही. तरुणाला ते आठव्या महिन्यात कळले. चार वर्षांपूर्वीची एक नोंद होती. स्मशानाची चिठ्ठी, पहिली ओळ पुतळाबाई गेनू शेवाळे, तिसरी ओळ सुंदराबाई शेवाळे, वय एकोणऐंशी, नाते सून. वहीत मृताचे नाव पुतळाबाई. सासू-सून दोघी बायका, त्यामुळे लिंगाच्या रकान्याने चहाडी केली नव्हती. दाखला नेल्याच्या सहीची जागा कोरी होती. कागद कोणी मागितलाच नव्हता, म्हणून गेली चार वर्षे ही बाई त्या वहीत मेलेली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तरुणाने चिठ्ठीवरचा तिचा पत्ता तीन वेळा वाचला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने सायकल काढली, आणि नगराबाहेर नाल्यापलीकडच्या वस्तीत विचारत विचारत एका पत्र्याच्या घरापाशी तो पोहोचला. वाटेत त्याने बोलायची वाक्ये जुळवली होती, माफीची, नियमाची, कलमाची. मनात एक धास्तीही होती. चार वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. ती खरोखरच गेली असली तर?

पायरीवर पन्नाशीची एक बाई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचीत बसली होती.

"कोण पाहिजे?"

"पुतळाबाई गेनू शेवाळे."

"मीच की. का हो, काय झालं?"

तरुणाच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. जुळवलेले एकही वाक्य त्याला आठवेना. "काही झालं नाही, मावशी," तो म्हणाला. "अजून काही झालेलं नाही. एक कागद दुरुस्त करायचा आहे."

तिला काही उमगले नाही. तिने सूप बाजूला सरकवले आणि त्याला बसायला जागा करून दिली.